नांदेडहून सरहिंदकडे: बंदा सिंग बहादूर आणि शिखांचा सुरुवातीचा सशस्त्र लढा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडला जाऊन आलेल्या बहुतेकांना गुरू गोविंदसिंगांविषयी थोडंफार सांगता येतं. पण त्याच गोदाकाठावरून १७०८ साली पंजाबकडे निघालेल्या बैराग्याविषयी, म्हणजे बंदा सिंग बहादूरांविषयी, विचारलं, की उत्तर एकच येतं: "त्याने गुरूंच्या मुलांचा बदला घेतला." बदला घेतला हे खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर मोठा भाग हातचा जातो. सरहिंद हे पंजाबातलं मोगल ठाणं पडल्यावर बंदा सिंग आणि त्यांच्या माणसांनी काय केलं, नाणं कोणाच्या नावाने पाडलं, जमीन कोणाला दिली, हे मला बदल्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्यामुळे खालची काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

शिखांनी शस्त्र नेमकं कधी उचललं?

सोयीची तारीख म्हणजे १६०६. त्या वर्षी पाचवे गुरू अर्जनदेव यांचा लाहोरला छळ करून अंत करण्यात आला. बंडखोर राजपुत्र खुसरो याला आशीर्वाद दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. जहांगीरने आपल्या आठवणींत मात्र जरा मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे: हे 'दुकान' बंद करावं असं त्याच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. म्हणजे खुसरो हे निमित्त होतं.

अर्जनदेवांचे चिरंजीव गुरू हरगोविंद गादीवर बसले तेव्हा किशोरवयात होते. त्यांनी दोन तलवारी धारण केल्या, एक मीरीची म्हणजे ऐहिक सत्तेची आणि दुसरी पीरीची म्हणजे आध्यात्मिक अधिकाराची. हरमंदिर साहिबासमोर (अमृतसरच्या सुवर्णमंदिरासमोर) अकाल तख्त उभं राहिलं. भक्तांनी भेट म्हणून घोडे आणि शस्त्रं आणावीत असा निरोप गेला. जहांगीरने त्यांना काही काळ ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. पुढे शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या आसपास, अमृतसर, लहिरा आणि करतारपूर इथे मोगल तुकड्यांशी प्रत्यक्ष लढाया झाल्या. त्यानंतर गुरू शिवालिकच्या पायथ्याशी किरतपूरला जाऊन राहिले.

मग गुरू तेगबहादूर यांच्या बलिदानानंतर लढा पेटला असं का म्हणतात?

कारण ते बलिदान राजधानीत, भर चांदणी चौकात झालं. नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या राजवटीत त्यांचा शिरच्छेद झाला. आज तिथे सीसगंज गुरुद्वारा आहे. त्यांचे पुत्र गोविंद राय तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला त्यांनी खालसा पंथ स्थापन केला आणि स्वतःही 'सिंग' झाले.

गुरू गोविंदसिंगांच्या सगळ्या लढाया मोगलांशीच झाल्या का?

नाही. पहिली मोठी लढाई भंगाणीची, १६८८ ची, आणि ती झाली पहाडी राजांशी. त्या लढाईत सढौऱ्याचे पीर बुद्धू शाह आपले मुलगे आणि मुरीद (शिष्य) घेऊन गुरूंच्या बाजूने उतरले आणि त्यांचे मुलगे कामीही आले. तीन वर्षांनी नादौनला गुरू त्याच पहाडी राजांपैकी काहींच्या बाजूने मोगल सरदाराविरुद्ध लढले. पुढे आनंदपूरला वेढा पडला तेव्हा पहाडी राजे आणि मोगल सुभेदार एकत्र होते. कोण कोणाच्या बाजूने, हे दर वेळी बदलत गेलं. ते लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

सरहिंदवर एवढा राग कशासाठी?

आनंदपूरचा वेढा लांबला. आतले लोक अन्नाला महाग झाले. सुखरूप जाऊ देऊ अशा शपथा घेतल्या गेल्या आणि गड सोडताच पाठलाग सुरू झाला. डिसेंबरच्या थंडीत सरसा नदी ओलांडताना सगळ्यांची ताटातूट झाली. थोरले दोघे मुलगे, अजितसिंग आणि जुझारसिंग, चमकौरच्या गढीत लढताना पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग आजी माता गुजरी यांच्याबरोबर पकडले गेले आणि सरहिंदला आणले गेले. दोघेही दहा वर्षांच्या आतले. फौजदार वझीरखानाने धर्म बदला म्हणून दटावलं, मुलांनी नकार दिला. परंपरा सांगते की त्यांना भिंतीत चिणलं आणि मग मारलं. माता गुजरींनीही तिथेच प्राण सोडला.

त्या दरबारातली दोन माणसं लोकांच्या आठवणीत राहिली. एक दिवाण सुच्चानंद. सापाची पिल्लं सोडू नयेत अशा अर्थाचं बोलून त्याने वझीरखानाला भरीस घातलं, असं परंपरा सांगते. दुसरा मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मदखान, ज्याने लहान मुलांवर हात टाकायला उघड विरोध केला. दिवाण हिंदू होता आणि नवाब मुसलमान. खालच्या हिंदू-मुसलमानांच्या प्रश्नाला ही जोडी उपयोगी पडेल.

पंजाबातले गुरू नांदेडला कसे आले?

गुरूंनी औरंगजेबाला फारसीत जफरनामा हे पत्र पाठवलं. बाकीचे सगळे उपाय थकले की तलवारीला हात घालणं रास्त आहे, ही त्यातली ओळ सगळ्यांना ठाऊक असते. भाई दयासिंग ते घेऊन दख्खनेत आले, कारण बादशाह इथेच, अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मुक्कामाला होता. मराठ्यांनी त्याला पंचवीस वर्षं इथे अडकवून ठेवलं होतं, हे वेगळं सांगायला नको. मार्च १७०७ मध्ये तो इथेच वारला.

वारसाच्या लढाईत त्याचा मुलगा बहादूरशाह जिंकला. गुरू त्याला आग्र्याला भेटले, मानाची वस्त्रं आणि रत्नजडित भेट मिळाली. वझीरखानाबाबत न्याय मिळेल ही आशा होती. भाऊ कामबक्ष याच्यावर चालून बादशाह दख्खनेत निघाला आणि गुरूही त्याच वाटेने आले. बोलणी पुढे सरकत नव्हती. नांदेडला गुरूंनी मुक्काम केला. तिथेच एका पठाणाने त्यांच्यावर वार केला. त्याला वझीरखानानेच पाठवलं होतं, असं शीख परंपरा सांगते. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंचं देहावसान झालं. जाण्यापूर्वी त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं.

बंदा सिंग मुळात कोण?

जन्म जम्मूकडच्या राजौरीचा, १६७० चा. मूळ नाव लक्ष्मणदेव. तरुणपणी शिकार करताना गाभण हरिणी मारली गेली, तिच्या पोटातली पाडसं डोळ्यांदेखत मेली आणि मन उडालं, ही कथा सगळीकडे सांगतात. वैरागी होऊन फिरत फिरत ते नांदेडला आले आणि माधोदास या नावाने गोदाकाठी मठ करून राहिले. गुरूंची आणि त्यांची भेट तिथेच झाली. "मी तुमचा बंदा" असं म्हणून त्यांनी खालशाची दीक्षा घेतली.

गुरूंनी त्यांना पाच बाण, एक निशाण, एक नगारा आणि पंजाबातल्या संगतींच्या (शिखांच्या स्थानिक समूहांच्या) नावे हुकूमनामे दिले. सोबत बाजसिंग, बिनोदसिंग, कहानसिंग अशी पाच जाणती माणसं आणि वीस-पंचवीस शीख. फौज म्हणावी असं काहीच नव्हतं.

वीस-पंचवीस माणसांची फौज वर्षभरात झाली कशी?

हुकूमनाम्यांनी. गुरूंची पत्रं गावोगावच्या संगतींकडे गेली आणि माणसं येऊ लागली. माळव्यातले (हा पंजाबातला, सतलजच्या दक्षिणेचा माळवा; इंदूर-उज्जैनचा नव्हे) जाट शेतकरी आले, सुतार-लोहार आले, ज्यांना गावात विहिरीवर उभं राहू देत नसत तेही आले. शीख व्यापारी आणि लमाणांनी पैसा आणि रसद पुरवली. आणि हेही सांगितलं पाहिजे की निव्वळ लुटीच्या आशेने आलेले भुरटेही त्यात होते. त्यांचा प्रताप पुढे दिसतोच.

पहिला मोठा घाव नोव्हेंबर १७०९ मध्ये समाण्यावर पडला. गुरू तेगबहादूरांवर तलवार चालवणारा जल्लाद या गावचा. धनाढ्य शहर, तटबंदी भक्कम. एका दिवसात ते पडलं आणि कत्तल झाली. यात सामान्य रहिवासीही मारले गेले. ते झाकून बंदा सिंगांचं मोठेपण वाढत नाही. त्यानंतर घुडाम, शाहाबाद, कपुरी, सढौरा. सढौऱ्याच्या उस्मानखानाने गुरूंना मदत केल्याबद्दल पीर बुद्धू शाह यांना ठार केलं होतं. बंदा सिंगांनी सढौरा घेतला तेव्हा एका मुसलमान पिराच्या खुनाचाही हिशेब चुकता झाला.

छप्पर चिडीची लढाई कशी झाली?

१२ मे १७१०. जागा आजच्या मोहालीजवळची, सरहिंदपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वझीरखानाकडे तोफा होत्या, हत्ती होते, बंदूकधारी होते, शिवाय धर्मयुद्धाची हाक ऐकून आलेले गाझी. बंदा सिंगांकडे तोफखाना नव्हता, हत्ती नव्हते, आणि सगळ्यांना पुरतील एवढे घोडेही नव्हते. भाले, तलवारी, तीरकमठे, थोड्या बंदुका. सतलजपलीकडून आलेले 'माझा' या भागातले शीख रोपडजवळ वाट अडवणाऱ्यांशी लढून नुकतेच येऊन मिळाले होते.

माळव्याची तुकडी फतेहसिंग, करमसिंग, धरमसिंग आणि अलीसिंग यांच्या हाताखाली होती आणि 'माझा' भागाची बाजसिंग, बिनोदसिंग यांच्याकडे. बंदा सिंग स्वतः एका टेकाडावर थांबून सगळं मैदान बघत होते. तोफा सुरू झाल्या आणि लुटीसाठी आलेले भुरटे पहिल्या झटक्यात पळाले. पाठोपाठ आणखी एक टोळी फुटली. दिवाण सुच्चानंदाचा पुतण्या हजारभर माणसं घेऊन "मी तुमच्याकडे आलो" म्हणत आधीच शिखांत सामील झाला होता, तो ऐन वेळी आपली माणसं घेऊन पसार झाला. ठरवून आखलेला दगाच तो. फळी डळमळली. बाजसिंगने टेकाडावर निरोप धाडला आणि बंदा सिंग खाली उतरून थेट पुढच्या रांगेत घुसले. तिथून पुढे हातघाई झाली. हातघाईत तोफांचा उपयोग नसतो. वझीरखान पडला आणि त्याची फौज सरहिंदकडे पळत सुटली.

दोन दिवसांनी सरहिंद पडलं. सुच्चानंद सापडला आणि मारला गेला. शहराची लूट झाली.

म्हणजे बदला पूर्ण झाला. मग गोष्ट इथेच का संपली नाही?

बदला हाच हेतू असता तर लूट घेऊन माणसं घरी गेली असती. तसं झालं नाही. बाजसिंगाला सरहिंदचा सुभेदार नेमलं. समाणा, ठाणेसर इथे आपले अंमलदार बसवले. शिवालिकच्या पायथ्याचा मुखलिसगढ हा किल्ला ताब्यात घेऊन त्याचं नाव लोहगढ ठेवलं आणि तिथे राजधानी केली. नवीन सन सुरू केला. आणि नाणं पाडलं.

बादशाहाच्या हयातीत स्वतःचं नाणं पाडणं म्हणजे तुझं राज्य मला मान्य नाही असं जाहीर सांगणं. पण या नाण्यावर बंदा सिंगांचं नाव नाही. फारसी मजकुराचा भाव असा: दोन्ही जगांसाठी हे नाणं पाडलं, देणारी तलवार नानकांची, आणि शहांचा शहा गोविंदसिंग याचा हा विजय सच्च्या साहिबाच्या कृपेने. मुद्रेवर देग, तेग, फतेह म्हणजे रांधण्याची कढई, तलवार आणि विजय, आणि हे सगळं नानक-गोविंदसिंगांकडून मिळालं असा मजकूर.

आपल्याकडे शिवरायांच्या मुद्रेवर शहाजीपुत्र शिवाजीचं नाव आहे आणि राजमुद्रेवर राजाचं नाव असणं ही जगाची रीतच. इथे प्रांत जिंकणारा सेनापती स्वतःचं नाव बाजूला ठेवतो आणि मुद्रेवर तलवारीच्या आधी लंगरची (गुरुद्वारातल्या सामुदायिक जेवणाची) कढई घालतो. ही नम्रता एका माणसापुरती असती तर त्याच्याबरोबर संपली असती. १७६५ साली शिखांनी लाहोरला नाणं पाडलं तेव्हा बंदा सिंगांच्या मुद्रेवरचाच मजकूर घेतला. पुढे रणजितसिंगांसारख्या महाराजानेही नाण्यावर आपलं नाव घातलं नाही. राज्य पंथाचं, माणूस नुसता चालवणारा, ही कल्पना प्रत्यक्ष कारभारात आणणारे पहिले बंदा सिंग.

जमीनदारी मोडली हे खरं आहे का?

सरहिंदच्या भागात मोठ्या जमीनदारांकडच्या जमिनी कसणाऱ्यांच्या हाती गेल्या. परंपरेत एक किस्सा आहे. गावकरी जमीनदारांच्या जुलमाची तक्रार घेऊन आले. बंदा सिंगांनी आपल्या माणसांना हुकूम दिला, यांच्यावरच बंदुका रोखा. गावकरी हबकले. तेव्हा ते म्हणाले, तुम्ही हजारोंनी आहात आणि ते मूठभर, तरी तुम्ही दाद मागायला माझ्याकडे येता? पुढचं काम मग गावकऱ्यांनीच केलं.

कथा बाजूला ठेवली तरी उत्तर मोगल काळाचा अभ्यासक विल्यम आयर्विन याने जे टिपलं आहे ते पुरेसं बोलकं आहे. अगदी हलक्या मानलेल्या जातीतला झाडूवाला किंवा चांभार घरातून निघून त्यांना जाऊन मिळायचा आणि थोड्याच दिवसांत नेमणुकीचा कागद हातात घेऊन आपल्याच गावात अंमलदार म्हणून परतायचा. मग गावातले कुलीन हात जोडून त्याच्यासमोर उभे राहायचे. आयर्विनचा सूर कौतुकाचा नाही, म्हणूनच ही साक्ष मला जास्त भरवशाची वाटते.

हे हिंदू विरुद्ध मुसलमान असं युद्ध होतं का?

समाजमाध्यमांवर तसंच रंगवलं जातं. पण लोहगढला वेढा घालायला बादशाहाबरोबर कोण होतं ते पाहा. बुंदेलखंडचा राजा छत्रसाल होता. बाजीराव पेशव्यांनी पुढे ज्याच्या मदतीला धाव घेतली तोच हा छत्रसाल. जाटांचा पुढारी चुडामणही बादशाही फौजेत होता. दिवाण सुच्चानंद कोणत्या बाजूचा होता ते वर आलंच आहे. पुढे १७४६ मध्ये काहनुवानच्या दलदलीत हजारो शीख मारले गेले, त्याला छोटा घल्लुघारा म्हणतात. ती मोहीम चालवणारा लखपतराय लाहोर दरबारचा दिवाण, जातीने खत्री.

उलट बाजूही तशीच. एप्रिल १७११ च्या बादशाही बातमीपत्रात कलानौरकडची खबर आहे की बंदा सिंगांनी मुसलमानांना त्रास देणार नाही असं वचन दिलं आहे, रोजमुरा (रोजचा पगार) ठरवला आहे, खुतबा (मशिदीतलं प्रवचन) आणि नमाजाची मोकळीक दिली आहे, आणि पाच हजार मुसलमान त्यांच्याकडे जमले आहेत. खबर शत्रूच्या हेराची, म्हणजे गुण गाण्याचं त्याला कारण नाही. आणि मालेरकोटला? शेर मुहम्मदखान छप्पर चिडीला वझीरखानाच्या बाजूने उतरला होता, तरीही त्या मुलांसाठी त्याने शब्द टाकला होता याची आठवण ठेवून मालेरकोटल्याला शिखांनी हात लावला नाही, असं पंजाबात आजही सांगतात.

धर्माचा यात काहीच संबंध नव्हता असं म्हणणंही तितकंच खोटं ठरेल. दोन्हीकडून देवाच्या नावाने शस्त्र उचललं गेलं, मशिदी आणि दर्ग्यांचं नुकसान झालं, लाहोरला मुल्लांनी धर्मयुद्धाचा हैदरी झेंडा उभारला. पण बाजू ठरत होती ती जमीन, मनसब आणि जुनी वैरं यांवर.

बादशाह स्वतः चालून आला, मग बंदा सिंग निसटले कसे?

बहादूरशाह राजपुतान्यात होता. पंजाबची बातमी ऐकून त्याने राजपूत राजांशी घाईघाईने जमवून घेतलं आणि दिल्लीत न थांबता उत्तरेला निघाला. दरबारातल्या हिंदू कारकुनांनी दाढ्या काढाव्यात असाही हुकूम सुटला, म्हणजे शीख चटकन ओळखू यावेत. डिसेंबर १७१० च्या सुरुवातीला लोहगढ पडला. बादशाहाची माणसं आत शिरली तेव्हा बंदा सिंगांच्या पोशाखात गुलाबसिंग नावाचा शीख रुबाबात बसला होता. त्याला पकडून आनंदाने नगारे वाजवले आणि मग चूक कळली. ससाणा उडाला, घुबड जाळ्यात सापडलं, असं म्हणून लोक हसले.

बंदा सिंगांसाठी लोखंडी पिंजरा आधीच तयार होता. तो रिकामा कसा ठेवायचा? त्यांना निसटू दिलं म्हणून नाहन या पहाडी संस्थानाच्या राजाला त्यात घालून दिल्लीला नेलं. लोहगढनंतर काही दिवसांतच हुकूम निघाला: नानकपंथी दिसेल तिथे ठार करा. त्याच महिन्यात बंदा सिंगांचं एक पत्र जौनपूरच्या संगतीला गेलं. त्यात शस्त्र बाळगा, तंबाखू-भांगेपासून दूर राहा आणि सत्ययुग आणा, असं लिहिलं होतं.

शेवट कुठे झाला?

गुरदासपूरजवळ गुरदास नंगल या खेड्यात. (संत नामदेवांचं घुमान याच जिल्ह्यात. २०१५ चं साहित्य संमेलन तिथे झालं होतं.) १७१५ मध्ये लाहोरचा सुभेदार अब्दुस्समदखान याने त्यांना एका वाड्यात कोंडलं. शिखांनी भोवतीच्या कालव्याचं पाणी वळवून चिखल केला, म्हणून फौजेला तट गाठता येईना. मग उपासमारीवर सोडून दिलं. आठ महिने. आत धान्य संपलं. घोडे, बैल, गवत, झाडांची साल, हाडांची भुकटी, काहीच खायचं बाकी ठेवलं नाही. बाहेर पडून वाट काढावी असं बिनोदसिंगाचं म्हणणं होतं, त्यावरून मतभेद झाले आणि तो बाहेर पडला. डिसेंबरमध्ये फौज आत शिरली तेव्हा समोर हत्यार उचलण्याचं त्राण नसलेली माणसं होती.

दिल्लीत काय घडलं?

फेब्रुवारी १७१६ च्या अखेरीस मिरवणूक निघाली. पुढे काठ्यांवर खोचलेली हजारो मुंडकी, मागे हत्तीवर पिंजऱ्यात बंदा सिंग, थट्टेसाठी घातलेली जरीची वस्त्रं, पाठीमागे नंगी तलवार घेतलेला सरदार. मग उंटांवर जोडीजोडीने बांधलेले सातशेहून अधिक कैदी. मार्चपासून रोज शंभर अशा संख्येने शिरच्छेद सुरू झाले.

त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील सर्मन आणि स्टीफन्सन व्यापाराच्या सवलती मागायला दिल्लीत येऊन थांबले होते. त्यांनी कलकत्त्याला १० मार्चच्या पत्रात कळवलं की हे लोक विलक्षण शांतपणे मरणाला सामोरे जातात आणि शेवटपर्यंत एकानेही धर्म सोडल्याचं ऐकलं नाही. मोगलांचा इतिहासकार खाफी खान शिखांबद्दल कधी बरं बोलत नाही, पण एक प्रसंग त्यानेही नोंदवला आहे. एका विधवेने खटपट करून मुलाच्या सुटकेचा हुकूम मिळवला: तो शीख नाही, नाहक अडकला आहे. हुकूम घेऊन ती कोतवालीत पोचली. मुलगा म्हणाला, माझी आई खोटं बोलते, मी गुरूंचा आहे, मला लवकर माझ्या सोबत्यांकडे पाठवा. त्याला ठार केलं.

बंदा सिंगांना मेहरौलीला, ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याजवळ नेलं. जून महिना होता. आधी त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला, अजयसिंगाला, त्यांच्यासमोर मारलं, मग त्यांचे हाल करून अंत केला. हुकूम देणारा बादशाह फर्रुखसियर तीन वर्षं जेमतेम टिकला. १७१९ मध्ये दरबारातले बलाढ्य सरदार सय्यद बंधू यांनी त्याला गादीवरून ओढलं तेव्हा बाळाजी विश्वनाथांची मराठी फौज दिल्लीतच होती.

'तत्त खालसा' आणि 'बंदई' हा वाद काय होता?

बंदा सिंगांच्या काही अनुयायांनी, म्हणजे बंदईंनी, त्यांनाच गुरुस्थानी मानलं आणि 'फतेह दर्शन' असा जयघोष धरला. जुन्या खालशाला, म्हणजे 'तत्त खालशा'ला, ते मान्य नव्हतं. अमृतसरला १७२१ च्या सुमारास भाई मनीसिंगांच्या मध्यस्थीने हा तंटा मिटला आणि बहुतेक बंदई मुख्य प्रवाहात परतले.

१७१६ नंतर सगळं संपलं का?

लाहोरचा पुढचा सुभेदार झकेरियाखान याच्या काळात शिखांच्या डोक्यावर इनाम लागलं, माणसं जंगलात आणि वाळवंटात पांगली. पण ती वर्षातून दोनदा अमृतसरला जमायची, 'सरबत खालसा' (सगळ्या खालशाची सभा) भरवायची आणि तिथला गुरमता (सामूहिक ठराव) सगळ्यांवर बंधनकारक असायचा. दरबाराने १७३३ मध्ये जहागीर आणि नवाबी देऊ केली, तेव्हा ती घोड्यांची चाकरी करणाऱ्या कपूरसिंगाच्या गळ्यात घातली. त्यानेच पुढे जथ्यांची बुड्ढा दल आणि तरुणा दल अशी बांधणी केली. हल्ला करायचा, पळ काढायचा, शत्रू पाठलागावर विखुरला की उलटून पडायचं ही त्यांची लढाई. गनिमी काव्याशी वळण जुळतं, पण ती पंजाबच्या मातीत आणि गरजेतून घडली. शिवाजी महाराजांचा माणूस येऊन शिकवून गेला असा कुठलाही पुरावा मला भेटलेला नाही.

आपला प्रत्यक्ष संबंध आला १७५८ मध्ये. राघोबादादा, जालंधर दुआबाचा फौजदार अदिना बेग आणि शीख यांनी मार्चमध्ये सरहिंद घेतलं आणि एप्रिलमध्ये लाहोर. तेव्हाचा सरहिंदचा अब्दुस्समदखान हा अब्दालीने नेमलेला. गुरदास नंगलवाला नव्हे. मराठे परतले, सरहिंद पुन्हा अफगाणांकडे गेलं. फेब्रुवारी १७६२ मध्ये अब्दालीने एका दिवसात हजारो शीख कापले, तो वड्डा घल्लुघारा. दोन वर्षांच्या आत, जानेवारी १७६४ मध्ये, शिखांनी सरहिंद कायमचं घेतलं.

यातल्या कोणत्या जागा आज पाहता येतात?

नांदेडला सचखंड साहिबाबरोबर गोदाकाठचा बंदा घाट गुरुद्वारा जरूर पाहा, मठ तिथेच होता. सचखंडची आजची इमारत रणजितसिंगांनी बांधवून घेतलेली. सरहिंदला लागूनच फतेहगढ साहिब आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे धाकट्या साहिबजाद्यांचा (गुरुपुत्रांचा) शहीदी जोडमेळा भरतो आणि गर्दी अफाट असते, निवांत दर्शन हवं तर तो आठवडा टाळा. मोहालीजवळ छप्पर चिडीला ३२८ फूट उंचीचा फतेह बुर्ज आहे. लोहगढ हरियाणाच्या यमुनानगर जिल्ह्यात येतो. तिथे स्वतःची गाडी असलेली बरी. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस थेट जाते. वाटेतल्या काही स्थानकांवर तिच्या प्रवाशांना लंगर मिळतो, तेव्हा डबा थोडा कमीच भरा.